त्यालाही बोलू दे ना!

मागच्या महिन्यात मी एक लव्हस्टोरी लिहिली. टोटल फिल्मी! पुण्याचा पाऊस, भिजलेली ओढणी, डेक्कनच्या बसस्टॉपवर ते दोघं आणि क्लायमॅक्सला एअरपोर्ट. स्वतःवरच जाम खूश होऊन रूममेटला वाचायला दिली. तिनं मॅगी खाता खाता सगळी वाचली आणि विचारलं, ‘‘अगं, पण ती त्याच्या प्रेमात पडतेच का? आहे काय त्याच्यात?’’

माझी बोलती बंद. त्याचे डोळे तपकिरी होते, तो बाइक भन्नाट चालवायचा आणि शेवटी तिला सोडून जायचा. संपला हीरो!

मग मी थेट या विषयातल्या बॉसकडे गेले. जेन ऑस्टिन. तिची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आली १८१३ साली, आणि २००४मध्ये आपली ऐश्वर्या त्याच गोष्टीवर ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये नाचली. कॉलेजात मी ही कादंबरी परीक्षेपुरती वाचली होती. या वेळी पेन्सिल घेऊन बसले.

पहिला फंडा लगेच सापडला. एकूण प्रकरणं ६१. डार्सी एलिझाबेथला लग्नाचं विचारतो ते ३४व्या प्रकरणात, म्हणजे जेमतेम निम्म्यावर. आणि ती चक्क नाही म्हणते! कारण हा पठ्ठ्या प्रेम व्यक्त करतानाही तिच्या घरच्यांची लायकी काढतो. तीही काही कमी नाही. विकमच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवून तिनं डार्सीला कधीच व्हिलन ठरवून टाकलंय. दोघांच्या मध्ये ना कडक बाबा आहेत, ना अमेरिकेचा व्हिसा. आडवे येतात ते त्यांचे स्वभाव.

फंडा नंबर दोन, नकाराची किंमत. घरात पाच बहिणी, भाऊ नाही. वडिलांनंतर राहतं घर नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणार. तोच कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो आणि ती त्यालाही नाही म्हणते. तिला ‘नाही’ म्हणणं केवढ्याला पडू शकतं हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून तिचं शेवटचं ‘हो’ पटतं.

पण माझी विकेट काढली ती ३५व्या प्रकरणानं. नकार पचवून डार्सी तिला पत्र देतो. त्यात प्रेमाची भीक नाही. तिच्या आरोपांना मुद्देसूद उत्तरं आहेत, विकमचं खरं रूप आहे आणि तिच्या बहिणीचं, जेनचं जमत आलेलं आपणच मोडलं याची कबुलीही आहे. एलिझाबेथ ते पुन्हा पुन्हा वाचते आणि तिला स्वतःचीच लाज वाटते. पुढे तोही बदलतो. तिची धाकटी बहीण विकमबरोबर पळून जाते तेव्हा पैसे भरून त्यांचं लग्न लावून देतो, तेही एलिझाबेथला कळू न देता.

तिथे मी पुस्तक मिटलं. कारण माझ्या गोष्टीतला बाइकवाला खरा होता. तीन वर्षांपूर्वीचा. आणि दहा पानांत मी त्याला एकही धड वाक्य बोलू दिलं नव्हतं. गोष्ट कसली, एफआयआर होता तो!

त्या रात्री मी त्याच्या बाजूनं एक पत्र लिहिलं. दोन पानं. लिहिताना त्रास झाला, कारण त्याचे काही मुद्दे बरोबर निघाले. त्याच्या बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी डेडलाइनचं कारण सांगून गेले नव्हते. माझ्या गोष्टीत ते हॉस्पिटल कुठेच नव्हतं.

तुम्हीही लव्हस्टोरी लिहीत असाल (ऑफिसात एक्सेलच्या मागे वर्डची फाइल उघडी ठेवून, माहितेय मला!) तर एवढं करा. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त राग आहे, त्याला एक पत्र लिहू द्या. ते गोष्टीत घालायचं की नाही, ते नंतर ठरवा.

माझ्या गोष्टीतला पाऊस आता थांबलाय. एअरपोर्टही कट. ती सुरू होते हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, आणि नायिका तिथे उशिरा पोचते. परवा रूममेटला पुन्हा वाचायला दिली. ती काहीच बोलली नाही. मॅगी मात्र गार झाली होती.