मखमलीतलं पिस्तूल

मंडळी, दिवाळी आणि बंदूक म्हटलं की आपल्या पिढीला आठवते ती टिकल्यांची बंदूक. टिकल्या संपेपर्यंत ती ठो ठो आवाज करायची आणि कुणाचं काही बिघडवायची नाही. यंदा ज्या बंदुकीबद्दल लिहितोय, ती याच्या नेमकी उलट आहे. ती शंभर टक्के खरी आहे, गोळी भरली तर माणूस मारील. पण तिचा आवाज कुणी कधी ऐकू नये, अशाच बेताने ती बनवलेली असते.

आपल्या टेक्सासात एखाद्या गन शोला गेलात, तर एखाद्या टेबलावर ही दिसेल. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, आत मखमल, मखमलीत पिस्तूल. त्यावर सोनेरी नक्षी, कुणा थोर माणसाचं नाव, ठरावीक संख्येतला क्रमांक आणि सोबत प्रमाणपत्र. हिला कमेमोरेटिव्ह म्हणतात. आपण स्मृतिबंदूक म्हणू. कोल्ट कंपनीने 1961 पासून अशा बंदुकांची रांगच लावली, विंचेस्टरही मागे राहिली नाही. कुणाच्या नावाने नाहीत? बफेलो बिल, वायट अर्प, जॉन वेन! 1930च्या मंदीत दरोडेखोरांचा पाठलाग करणाऱ्या पोलिसांचाही यात मान आहे.

हिच्या किमतीचं गणित मजेशीर आहे. गोळी झाडली की भाव उतरला. रिव्हॉल्व्हरचं चक्र नुसतं फिरवलं तरी त्यावर बारीक रेघ उमटते आणि शौकीन नाक मुरडतात. पुठ्ठ्याचं मूळ खोकं हरवलं तरी पैसे कमी. आपल्याकडे खंडेनवमीला आपण वापरातल्या अवजारांना हळदकुंकू लावतो: कोयता, पहार, शिलाईचं मशीन, हल्ली लॅपटॉप. हाताने झिजलेल्या वस्तूचा तो मान. इथे मान आहे तो हात न लागण्याचा.

जाता जाता एक कामाची गोष्ट. सोन्याचा मुलामा असला, तरी कायद्याच्या लेखी ही बंदूकच. परवानाधारक दुकानदाराकडून घेताना 4473 नंबरचा फॉर्म चुकत नाही, आणि सहसा पार्श्वभूमीची तपासणीही. आणि एच-वन बीसारख्या व्हिसावर असलेल्यांनी, शिकारीचा चालू परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शोभेची म्हणून दिवाणखान्यात ठेवली, ही सबब चालत नाही.

आता ज्यांच्या नावाने असं पिस्तूल मखमलीत ठेवतात, त्यातल्या एकाबद्दल. फ्रँक हेमर. जन्म 1884, मृत्यू 1955, समाधी ऑस्टिनमध्ये. 'द हायवेमेन' ज्यांनी पाहिला असेल, त्यांना केविन कॉस्टनरच्या रूपात ते माहीत असतील. 23 मे 1934 च्या सकाळी लुइझियानातल्या गिब्सलँड गावाजवळ त्यांनी पाच सहकाऱ्यांसह रस्त्याकडेला दबा धरला आणि बॉनी व क्लाइड यांची गाडी गोळ्यांनी चाळण केली. जगाला हेमर आठवतात ते या एका सकाळीपुरते. गंमत अशी, की त्यांच्या आठवणीबरोबर टेक्सास रेंजर्सचा तारा हमखास येतो. पण त्या दिवशी ते रेंजर नव्हतेच. रेंजर्सची नोकरी त्यांनी 1932 मध्येच सोडली होती. या कामावर त्यांना नेमलं ते टेक्सासच्या तुरुंग खात्याच्या प्रमुखाने, आणि हुद्दा मिळाला हायवे पेट्रोलमधला.

पण बंदुकीवर जागा असते ती किती? एक नाव, एक तारीख, एक तारा. बाकीचा माणूस पेटीबाहेर राहतो.

पेटीबाहेर काय राहिलं ते पाहा. 1920च्या दशकात टेक्सासच्या बँकवाल्यांच्या संघटनेने मेलेल्या दरोडेखोरामागे पाच हजार डॉलर इनाम लावलं. जिवंत पकडलात, तर एक सेंटही नाही. मग व्हायचं तेच झालं. काही बदमाशांनी भोळ्या पोरांना फूस लावून बँकेपर्यंत आणायचं, तिथे त्यांना गोळ्या घालून घ्यायच्या आणि वर इनाम खिशात टाकायचं, असा धंदाच सुरू झाला. हेमर यांनी तो शोधून काढला. वरचे लोक ऐकेनात, तेव्हा मार्च 1928 मध्ये ते सरळ वार्ताहरांकडे गेले आणि ही खून पाडणारी यंत्रणा आहे, असं जाहीरपणे सांगितलं. राज्यातल्या सगळ्या बँका एका बाजूला आणि हा एकटा पोलीस दुसऱ्या बाजूला. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत धाडसाचं काम हेच, आणि त्यात एकही गोळी सुटली नाही.

दोन वर्षांनी, 9 मे 1930 रोजी, शर्मन गावात जॉर्ज ह्यूज नावाच्या कृष्णवर्णीय आरोपीला ठार मारायला जमाव कोर्टावर चालून आला. हेमर आणि मूठभर रेंजर्सनी तो पुन्हा पुन्हा मागे रेटला, गोळीही चालवली. शेवटी जमावाने कोर्टाची इमारतच पेटवली. ह्यूज आतल्या तिजोरीच्या खोलीत मेला. त्या दिवशी हेमर यांच्या हातात बंदूक होती आणि ती कमी पडली.

आणि याच माणसाने 1918 मध्ये होसे कनालेस या आमदाराला धमकावलं होतं. रेंजर्स सीमेवरच्या मेक्सिकन लोकांवर अत्याचार करतात, हे चव्हाट्यावर आणणारा तो आमदार. तरीही त्याने 1919 मध्ये विधिमंडळात रेंजर्सची चौकशी घडवून आणली. हेही हेमर यांच्याच चरित्रातलं पान आहे आणि ते फाडता येत नाही.

बाजार मात्र या पानांचा भाव करत नाही. क्लाइडच्या कमरेचं आणि बॉनीच्या मांडीला चिकटपट्टीने बांधलेलं, अशी दोन्ही पिस्तुलं हेमर यांनी स्वतःकडे ठेवली होती. 2012 मध्ये त्यांचा लिलाव झाला. क्लाइडच्या पिस्तुलाला 2,40,000 डॉलर आले, बॉनीच्या पिस्तुलाला 2,64,000. दरोडेखोराच्या हाताला जी किंमत आहे, ती त्याला पकडणाऱ्याच्या नावाने काढलेल्या कोऱ्या करकरीत पिस्तुलाला कुठून येणार?

आपली मुलं इथेच वाढताहेत. वेकोचं रेंजर्स म्युझियम पाहताहेत, मित्रांच्या घरी काचेच्या कपाटातल्या बंदुका पाहताहेत. 'बाबा, हा माणूस कोण?' असं त्यांनी विचारलं, तर 'बॉनी आणि क्लाइडला मारणारा' एवढ्यावर सोडू नका. 1928 सांगा, शर्मन सांगा, कनालेसही सांगा. शूर माणूस सगळाच्या सगळा चांगला नसतो, हे मुलांना आपण समजतो त्यापेक्षा लवकर कळतं.

आणि डॅलसकडच्या मंडळींसाठी आणखी एक पत्ता. साउथलेकमध्ये 114 नंबरच्या महामार्गाजवळ, डव्ह रोडला, एक स्मृतिशिला आहे. आपली कितीतरी कुटुंबं तिथून रोज ये-जा करतात. 1 एप्रिल 1934 रोजी, ईस्टरच्या रविवारी, बॅरो टोळीने तिथे व्हीलर आणि मर्फी या दोन हायवे पोलिसांना गोळ्या घातल्या. मर्फींचं लग्न ठरलेलं होतं. त्यांची वाग्दत्त वधू लग्नाचा पोशाख घालून अंत्यसंस्काराला आली होती. त्या शिलेला मखमल नाही, अनुक्रमांक नाही, आणि तिचा लिलावही कधी होणार नाही. दिवाळीच्या खरेदीला त्या बाजूने जाल, तेव्हा दोन मिनिटं गाडी थांबवा आणि मुलांना ती दोन नावं वाचायला सांगा.

शुभ दीपावली!