पडद्याआडचा भिडू

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं, बक्षीससमारंभ आटोपून मंडळी फराळाकडे वळली असतां, एक पालक आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, "सर, मुलगा रात्रीं मोबाईलवर ब्रिज खेळतो. रागावलों तर म्हणतो, 'हा बुद्धीचा खेळ आहे, सरांनाच विचारा.' आतां तुम्हीच सांगा, शेवटीं पत्ते ते पत्तेच ना?" उभ्याउभ्या द्यावें असें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं. वार्षिकांत सविस्तर लिहूं, असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. तें वचन आज पुरें करीत आहों.

प्रथम आमची स्वतःची हकीकत. आमच्या वडिलांच्या घरीं पत्त्यांस थारा नव्हता. पत्ते म्हटले कीं जुगार, आणि जुगार म्हटला कीं घराची धूळधाण, हें समीकरण आम्हीं पाढ्यांबरोबरच पाठ केलें होतें. पुढें महाविद्यालयाच्या वसतिगृहांत एका वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यानें आम्हांस ब्रिज शिकविला, तेव्हां पहिले कांहीं दिवस आपण चोरी करीत आहों असें वाटे. वडिलांचें भय निराधार होतें, असें आम्ही आजही म्हणणार नाहीं. तीनपत्तीनें बसलेलीं घरें त्यांनीं पाहिलीं होतीं. सगळे पत्ते त्यांनीं एकाच मापानें मोजले, इतकाच काय तो त्यांचा आमचा मतभेद.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. बावन्न पानें, प्रत्येकास तेरा. आधीं बोली होते. कोणता रंग हुकूम, आणि किती हात करून दाखवूं, हें पाळीपाळीनें बोलावयाचें. मग डाव. बोली जिंकणाऱ्याच्या भिडूचीं पानें टेबलावर उघडीं मांडलीं जातात व तो भिडू स्वस्थ बसतो. आज खेळतात तो कॉन्ट्रॅक्ट ब्रिज हॅरोल्ड व्हँडरबिल्ट ह्या अमेरिकन गृहस्थानें १९२५ मध्यें एका जलप्रवासांत अमलांत आणलेल्या गुणपद्धतीवर उभा आहे. एका खेळाडूच्या हातीं येऊं शकणाऱ्या तेरा पानांचे प्रकार ६,३५,०१,३५,५९,६०० इतके होतात. तेव्हां जन्मभर खेळूनही तोच हात पुन्हा येण्याची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं.

नशिबाचा भाग ह्यांत आहे. परंतु क्लबांतून तोही काढून टाकण्याची एक सुरेख युक्ति आहे. एका टेबलावर वाटलेलीं पानें जशींच्या तशीं खणाखणाच्या पाटींत घालून दुसऱ्या टेबलावर पाठवितात, तेथून तिसऱ्या. त्याच पानांवर इतरांनीं काय केलें, ह्याच्याशीं तुमची तुलना होते. वाईट पानें आलीं ही सबब येथें चालत नाहीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९६७ मध्यें रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असें ठरवितांना ब्रिजच्या वाटणीचा दाखला दिला होता. २०१८ मध्यें जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला, आणि पुरुषांच्या जोडीचें सुवर्णपदक प्रणव वर्धन व शिवनाथ सरकार ह्या भारतीय जोडीनें मिळविलें. त्या वेळीं वर्धन साठ वर्षांचे होते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनें २०२५ मध्यें केला. पैशांवांचून खेळलेला ब्रिज त्याच्या कक्षेंत येत नाहीं. म्हणून "पत्ते ते पत्तेच" हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु त्या पालकांच्या मनांतली खरी रुखरुख निराळी असावी, आणि आमचीही तीच आहे.

ब्रिजचा सारा जीव भिडूंत आहे. भिडूच्या हातांत काय आहे हें तुम्हांस त्याच्या बोलीवरून व त्यानें टाकलेल्या पानांवरूनच ओळखावयाचें असतें. दुसऱ्या कोणत्याही वाटेनें नाहीं. आपल्या घरीं सुट्टींत मेंढीकोट रंगला म्हणजे मामा डोळा मिचकावतात, आत्याबाई पदराशीं चाळा करून हुकूम सुचवितात, आणि पकडलें गेलें तर सगळेच हंसतात. तीच खूण ब्रिजमध्यें जन्माची अब्रू घालविते. इतकेंच नव्हे, तर भिडूनें बोलण्यास नेहमीपेक्षां अधिक वेळ घेतला व त्यावरून त्याच्या मनांतली अडचण तुम्हांस कळली, तर त्या कळण्याचा फायदा घेण्यासही नियमांची मनाई आहे. जें कळलें तें कळलें नाहीं असें समजून खेळावयाचें! मुलांनो, हा नियम वाचावयास एक मिनिट लागतें. तो पाळणें किती कठीण आहे, हें खेळणारासच ठाऊक.

माणसाचा भरंवसा कमी, म्हणून साधनें वाढत गेलीं. आवाजांतून कांहीं कळूं नये म्हणून बोली तोंडानें न बोलतां छापील पत्र्या पुढें ठेवून करूं लागले. १९७५ मध्यें बर्म्युडा येथील जागतिक स्पर्धेंत टेबलावर तिरपा पडदा लावण्यांत आला, जेणेंकरून भिडूस भिडूचें तोंडच दिसूं नये. तर त्याच स्पर्धेंत दोन इटालियन खेळाडूंपैकीं एक टेबलाखालून दुसऱ्याच्या पायास स्पर्श करीत असल्याचें पाहण्यांत आलें. त्यांस ठपका मिळाला, आणि टेबलाखालीं आडोसा म्हणून लहान मेजें ठेवण्यांत आलीं. वर पडदा, खालीं मेज! जगांतले निवडक बुद्धिमान लोक भोंवतीं बसले असतां ही व्यवस्था करावी लागली, ह्याचें आम्हांस अजून नवल वाटतें.

२०२० मध्यें टाळेबंदी झाली आणि जगभरचे क्लब बंद पडले. तेव्हां हजारों खेळाडू ब्रिज बेस ऑनलाइनसारख्या ठिकाणीं संगणकावर खेळूं लागले. ह्या सोयीची निंदा करण्यास आमची जीभ धजणार नाहीं. घरांत एकटे पडलेले वृद्ध, गांवांत चौथा भिडू न मिळणारे, अंथरुणास खिळलेले, अशा कितीकांस त्या दिवसांत तिनें माणसांत ठेवलें. शिवाय यंत्र मोठें शिस्तीचें असतें. हातांत बदाम असतां तुम्ही किलवर टाकूं गेलां, तर तें टाकूंच देत नाहीं. पाळी नसतां पान उतरत नाहीं. गुणांत चूक होत नाहीं.

आणि नेमकें ह्याच वर्षीं जागतिक कीर्तीच्या एका खेळाडूनें कबुली दिली, कीं आपण संगणकावर खेळत असतां प्रतिपक्षाचीं पानें चोरून पाहत होतों. तो एकटा नव्हता. यंत्रांत प्रत्येक पानाची नोंद राहते, आणि त्या नोंदींवरून ज्यांचा अंदाज कधींच चुकत नाहीं अशांचा संशय येऊं लागला. त्यांची गोष्ट सांगणें सोपें आहे. आमची स्वतःची सांगणें तितकें सोपें नाहीं, पण त्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत आम्ही व आमचे एक जुने स्नेही रोज सायंकाळीं आपापल्या गांवीं बसून संगणकावर ब्रिज खेळत असूं. गप्पा व्हाव्या म्हणून फोन चालू ठेवण्याची संवय लागली होती. खेळाविषयीं अवाक्षर बोलावयाचें नाहीं, हें ठरलेलें. एके दिवशीं प्रतिपक्षानें इस्पिकचे चार बोलले आणि उतारी आमच्याकडे आली. बदाम कीं चौकट, असा पेंच होता. नकळत आम्ही स्वतःशींच पुटपुटलों, "बदाम?" पलीकडून शब्द आला नाहीं. नुसता एक हुंकार आला. कदाचित् ते चहाचा घोट घेत असतील. आम्हीं बदाम उतरला. त्यांच्याजवळ बदामाचा एक्का व राणी होती, राजा समोरच्याचा मारला गेला, आणि डाव एका हातानें बुडाला. प्रतिपक्षाचे दोघे आम्हांस अपरिचित होते. त्यांपैकीं एकानें लिहिलें, "वा, सुरेख उतारी!" आम्हीं त्याचे आभार मानले.

आभार मानले, हेंच आजवर टोंचतें. तो हुंकार हेतुपुरस्सर होता कीं काय, हें आम्हीं स्नेह्यांस कधीं विचारलें नाहीं, त्यांनींही विषय काढला नाहीं. दुसऱ्या दिवशीं डाव सुरू होण्यापूर्वीं ते एवढेंच म्हणाले, "फोन ठेवतों रे आज." आम्हीही "बरें" म्हटलें. त्या दोघां अनोळखी गृहस्थांचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत, त्यामुळें त्यांची क्षमा मागण्याचा मार्गही उरला नाहीं.

टेबलावर बसून हेंच घडलें नसतें काय? घडलें असतें, बर्म्युडाचें उदाहरण आम्हींच वर दिलें आहे. क्लब म्हणजे कांहीं मंदिर नव्हे. तेथें चिडणारे, भिडूस चारचौघांत टाकून बोलणारे, पैसे लावणारे असे सगळे भेटतात, आणि मुलांनीं तें पाहूं नये असेंच आम्हांस वाटतें. तरीही एक भेद राहतो. टेबलावर ज्याची फसवणूक होते, तो हातभर अंतरावर बसलेला असतो. त्याचा चष्मा, त्याचा खोकला, पानें धरतांना थरथरणारीं त्याचीं बोटें, हें सारें आपल्यासमोर असतें. "वा, सुरेख उतारी" असें तो तोंडावर म्हणाला असता, तर आम्हांस त्याच्याकडे पाहून आभार मानतां आले असते, असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरें असें, कीं यंत्र लहान चुका होऊंच देत नाहीं आणि मोठ्या मोहास मात्र दार मोकळें ठेवतें. चुकीचें पान टाकणें, पाळी सोडून खेळणें, ह्या लहान चुका कबूल करतां करतांच मुलास खरें बोलण्याचा सराव होतो. क्लबांत अशी चूक झाली म्हणजे हात वर करून संचालकांस बोलावितात. त्यांत कोणाचा अपमान नाहीं, रोजचाच प्रकार. यंत्रापुढें शिकलेल्या मुलास तो प्रसंगच येत नाहीं. त्याच्यावर प्रथम येतो तो मोह थेट फोनचा.

म्हणून त्या पालकांस आमचें सांगणें असें. ब्रिज बंद करूं नका. रात्रीं खोलींत एकट्यानें मात्र खेळूं देऊं नका. बाहेरच्या खोलींत, ठरलेल्या वेळीं, दुसरा फोन जवळ न ठेवतां खेळूं द्या. त्याहून बरें म्हणजे त्याला तुम्हांस शिकवावयास सांगा. घरांत चौघे जमत नसतील तर शेजारचे बोलवा. एक वर्ष टेबलावर काढल्यानंतर मग मोबाईल.

आमच्या शाळेंत शनिवारीं सुट्टी झाल्यावर आतां दोन टेबलें मांडलीं जातात. मोबाईल आमच्या खणांत. मागच्या महिन्यांत नववींतील एका मुलीनें डावाच्या मध्येंच हात वर केला. "सर, माझ्याजवळ बदाम होता. मघाशीं मी चुकून किलवर टाकलें." हात मिटले गेले होते, पुढचे दोन हातही होऊन गेले होते, कोणाच्याच लक्षांत आलें नव्हतें. अनवधानानें झालेली व मागें पडलेली अशी चूक आपण होऊन सांगण्याची सक्ती नियमावलींतही नाहीं, हें तिला ठाऊक नव्हतें. आम्हींही त्या वेळीं सांगितलें नाहीं. नियमाप्रमाणें एक हात प्रतिपक्षाकडे गेला, आणि त्या एका हातासाठींच डाव गेला. तिची भिडू शाळेच्या फाटकापर्यंत तिच्याशीं बोलली नाहीं.

पुढच्या शनिवारीं त्या दोघीच समोरासमोर बसल्या होत्या.