फसवणुकीची हसरी भाषा

फसवणुकीसाठी मराठीत जेवढे वाक्प्रचार आहेत, तेवढे प्रामाणिकपणासाठी खचितच नाहीत. टोपी घालणे, शेंडी लावणे, गंडा घालणे, मामा बनविणे, कोपराला गूळ लावणे, तोंडाला पाने पुसणे. यादी हवी तेवढी लांबविता येईल. इंग्रजीची गोष्ट निराळी नाही. ‘टेक इन’, ‘रिप ऑफ’ अशी साध्या क्रियापदाला शेपूट जोडून केलेली रूपे तेथील विद्यार्थ्यांप्रमाणे येथीलही विद्यार्थी पाठ करतात. परंतु मराठीतील या साऱ्या प्रयोगांत एक समान सूर आहे. ते फसविणाऱ्याला दोष देत नाहीत, फसलेल्याला हसतात.

या हास्याला एकेकाळी आधार होता. ‘कात्रजचा घाट दाखविणे’ हा प्रयोग घ्या. १६६० साली शाएस्ताखान प्रचंड फौजेनिशी अहमदनगरमार्गे पुण्यावर चालून आला आणि लाल महालात ठाण मांडून बसला. १६६३ साली शिवाजी महाराजांनी त्याच्यावर छापा घातला. त्या वेळी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना कात्रजच्या दिशेने भुलविले, अशी आख्यायिका आहे. बलाढ्याला दुर्बळाने युक्तीने चकविले, तर लोक हसणारच आणि त्या हसण्यात न्यायही असतो. मात्र चकविणारा बलवान आणि चकणारा दुर्बळ असेल, तर तोच शब्द क्रूर होतो.

खानाची फौज जेथून गेली, त्याच अहमदनगरात, म्हणजे २०२४ साली अहिल्यानगर झालेल्या शहरात, याचा प्रत्यय आला. शंभर वर्षांहून जुन्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. कर्जव्यवहारांबद्दल गुन्हे नोंदले गेले. दोषी कोण, हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे. पण ठेवीदारांचे काय? विम्याचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंतच असते. त्यापुढील पैसा थकलेली कर्जे वसूल होतील तसा आणि तेवढाच हाती यावयाचा. ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सहकार म्हणजे परस्परांवरचा विश्वास हा धडा राज्याने गिरविला, तेथे ही गोष्ट केवळ हिशेबाची राहत नाही.

असे काही घडले की वर्तमानपत्रांचे मथळे कोणते असतात? ‘कोटींचा गंडा’, ‘ठेवीदारांना टोपी’. याउलट एखादा पुढारी पक्ष सोडून गेला, की १९७८ पासून रूढ झालेला ‘पाठीत खंजीर’ लगेच बाहेर निघतो. मराठीला जड शब्द ठाऊक नाहीत असे नाही. विश्वासघात आहे, दगा आहे, केसाने गळा कापणे आहे. पण ते सत्तेच्या भांडणासाठी राखून ठेवलेले दिसतात. पुढाऱ्याची खुर्ची गेली तर घात आणि निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी गेली तर गंमत, असा हा न्याय आहे.

कायदा या बाबतीत भाषेहून गंभीर आहे. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ४२० चे ‘चारसोबीस’ असे विनोदी विशेषण होऊन बसले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आणि सोपविलेल्या मालमत्तेच्या अपहाराला कलम ३१६ आहे. ठेवीदारांसाठी राज्याचा १९९९ चा स्वतंत्र कायदाही आहे. तथापि कायद्याची गाडी तक्रारीवाचून हलत नाही, आणि ‘आपला मामा झाला’ हे चारचौघांत कबूल करणे कोणाला रुचेल? दूरध्वनीवरून पोलिसाचा आवाज काढून वृद्धांना लुबाडणाऱ्या टोळ्यांना भरवसा असतो तो नेमका या लाजेचा. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तो वेळीच फिरविला गेला तर रक्कम गोठविता येते. लाजेत गेलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो.

भाषेतून वाक्प्रचार हद्दपार करावेत, असे कोणी म्हणणार नाही. ते चावडीवर आणि नाटकांत खुशाल नांदोत. परंतु ज्यांच्या शब्दांनी लोकमत घडते, त्या वृत्तपत्रांनी आणि सार्वजनिक वक्त्यांनी तरी ठेव बुडाल्यास तिला विश्वासघात म्हणावे, अपहार म्हणावे. लाज कोणाला वाटावी, हे पुष्कळदा शब्दच ठरवितात. आज ती ठेवीदाराला वाटते; ती वाटावयास हवी त्याचा पैसा लुबाडणाऱ्याला.