अणुविजेचा हिशेब पूर्ण मांडा, मग बोला



काल गव्हाला दुसरं पाणी दिलं, फुटव्याचं. या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची पाळी आहे. म्हणून "दिलं" म्हणजे रात्री साडेबारापासून सकाळी सहापर्यंत बांधावर उभं राहून दिलं. पायात गमबूट, हातात बॅटरी, आणि मागच्या महिन्यात शेजारच्या शिवारात बिबट्यानं वासरू नेलं ते डोक्यात. गहू चांगला आहे, तांबेरा अजून दिसला नाही. पण आजची पोस्ट गव्हावर नाही.

सकाळी फाट्यावर चहाला थांबलो तर तिथं अणुविजेवरून जुंपली होती. महानिर्मितीनं २०२५ च्या एप्रिलमध्ये रशियाच्या रोसाटॉम कंपनीशी थोरियमच्या छोट्या अणुभट्टीसाठी करार केला, ते कुणाच्या तरी मोबाइलवर आत्ता पोचलं. एक पोरगं म्हणत होतं, कपभर इंधनात गावाची वीज, कचरा नाही, धूर नाही. आबा म्हणत होते, अणू म्हणजे बॉम्ब, ती वीज तारेतून आली की ऊस कडू होईल. मी दोघांचंही ऐकलं आणि दोघांवरही राग आला. तो इथं काढतोय.

आधी आबांचं. आबा, तारेतून फक्त वीज येते. अणुभट्टीत पाणी तापवून वाफ करतात, वाफेनं टर्बाइन फिरतं. परळीला कोळसा जाळून हेच करतात. तारापूरचं केंद्र १९६९ पासून वीज देतंय, तुम्ही तेव्हा शाळेत होतात. आणि तुम्ही उन्हाळी भुईमूग टॅग २४ पेरता ना? ते नाव ट्रॉम्बे आणि अकोल्यावरून पडलंय. किरणं मारून तयार केलेल्या वाणांच्या वंशातलं बियाणं आहे ते, भाभा अणुसंशोधन केंद्राचं. लासलगावला कांद्याला कोंब येऊ नये म्हणून २००२ पासून कोबाल्टची किरणं देतात. भुईमूग खाऊन झाला, कांदा विकून झाला, आता विजेला घाबरून कसं चालेल?

आता त्या पोराचं. हे जास्त महत्त्वाचं, कारण पोरगं शिकलेलं आहे आणि त्याचं अर्धं बरोबर आहे.

मी दहावी पास माणूस. पण हिशेब येतो. आपल्याकडच्या जड पाण्याच्या भट्टीत १ किलो युरेनियमपासून ढोबळमानानं ४५ ते ५० हजार युनिट वीज निघते. माझी पाच एचपीची मोटर आठ तास चालली की तीसेक युनिट खाते. म्हणजे एका किलोत माझी मोटर रोज आठ तास चार वर्षांच्या वर चालेल. आणि ते इंधन एवढं वजनदार असतं की एक किलो कटिंग चहाच्या पेल्यात मावतं. तेवढीच वीज कोळशातून काढायची तर तीसेक टन कोळसा लागतो आणि मागं दहा टनाच्या आसपास राख उरते. परळीकडून येताना राखेच्या टिपरमागं मोटरसायकल चालवली असेल त्याला मी राख काय असते ते सांगत नाही. म्हणून स्पष्ट लिहितो, मी अणुविजेच्या बाजूचा आहे. खाली कमेंटमध्ये मला विकासविरोधी म्हणू नका.

पण पेला आला कुठून, ते पोरगं सांगत नाही.

युरेनियम खडकात असतं. झारखंडात जादुगोड्याला १९६७ पासून खाण आहे, आंध्रात कडपा जिल्ह्यात तुम्मलपल्लीला दुसरी. आपला खडक गरीब आहे, एका टनातून किलोभरही युरेनियम निघत नाही. पेलाभर मालासाठी दोन-तीन टन खडक फोडायचा, दळायचा, रसायनात धुवायचा. काही इंधन बाहेरच्या देशातून येतं, तिथंही खडक कुणाच्या तरी गावचाच असतो. धुऊन उरलेला चिखल खाणीजवळ तळ्यात सोडतात. युरेनियम काढलं तरी रेडियमसारखे बाकीचे किरणोत्सर्गी घटक त्या गाळातच राहतात. पेला इकडं, तळं तिकडं. जादुगोड्याचे आदिवासी त्या तळ्यांबद्दल कित्येक वर्षं बोलताहेत. तुम्मलपल्लीच्या बाजूच्या केळी बागायतदारांनी तक्रार केली की तळ्यातलं पाणी झिरपून आमच्या बोअरला लागलं आणि बागा गेल्या. खाणवाले म्हणाले, आमच्यामुळं नाही. कोण खरं ते मी फाट्यावर बसून ठरवणार नाही. पण ज्याचा बोअर बिघडला त्यालाच सिद्ध करायला लावायचं, हा कुठला न्याय? बोअर शेतकऱ्याचा, आणि पाणी तपासायची मशीन कुणाकडं?

पुढचा टप्पा मात्र बघण्यासारखा आहे. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात युरेनियमच्या भुकटीच्या गोळ्या दाबून भट्टीत भाजतात, त्या झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात आणि नळ्यांची जुडी बांधतात. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये जळणारा भाग शंभरात पाऊणसुद्धा नसतो. तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्यांना तो भाग वाढवलेलं इंधन लागतं आणि ते बाहेरूनच आणावं लागलं. १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला, अमेरिकेनं हात आखडता घेतला, मग फ्रान्सकडं जावं लागलं. तारापूरच्याच ३ आणि ४ नंबरला साधं युरेनियम चालतं, पण त्यांना जड पाणी लागतं. ते कुठं बनतं माहीत आहे? अलिबागजवळ थळला, आरसीएफच्या खत कारखान्याला लागून. युरियासाठी अमोनिया करायला जो गॅस लागतो, त्याच गॅसातून जड पाण्याचा अंश वेगळा काढतात. म्हणजे आपल्या युरियाच्या गोणीची आणि अणुभट्टीची चूल शेजारी-शेजारी आहे.

या भट्टीत इंधन भरायला ती बंद करावी लागत नाही. रसवंतीच्या चरकासारखं, एका बाजूनं नवी जुडी ढकलायची, दुसऱ्या बाजूनं वापरलेली काढायची. फरक एवढाच की इकडचा चोथा हातात धरता येत नाही. बाहेर आलेली जुडी इतकी तापट आणि किरणोत्सर्गी असते की तिला वर्षानुवर्षं पाण्याच्या खोल हौदात ठेवतात.

आणि १०० किलोतलं एक किलोसुद्धा जळालेलं नसतं! साखर कारखाना बगॅस टाकून देत नाही, त्यावर वीज करतो. तसं आपल्या देशानं ठरवलं की वापरलेलं इंधन टाकायचं नाही. ते आम्लात विरघळवून उरलेलं युरेनियम आणि तयार झालेलं प्लुटोनियम वेगळं करायचं. हे काम ट्रॉम्बेला १९६४ पासून सुरू झालं, नंतर तारापूर आणि कल्पक्कमला. त्या प्लुटोनियमवर चालायची कल्पक्कमची ५०० मेगावॉटची भट्टी २००४ ला बांधायला घेतली आणि तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ ला. वीस वर्षं! थोरियमची पाळी त्याच्याही पुढची आहे, एवढं फाट्यावरच्या मंडळींनी लक्षात ठेवावं. करार झाला म्हणून उद्या लाईट येत नसते.

सगळं काढून शेवटी जो खरा विषारी भाग उरतो तो काचेच्या रसात मिसळून स्टीलच्या डब्यात ओततात. ती काच तारापूरला हवेनं थंड राहणाऱ्या कोठारात ठेवतात. माल आकारानं थोडा असतो आणि मोजून ठेवलेला असतो, हे मी मान्य करतो. राखेसारखा वाऱ्यावर सोडलेला नसतो. पण त्यातले सिझियम, स्ट्रॉन्शियम तीस वर्षांत निम्मे होतात. म्हणजे तीनशे वर्षं राखण आलीच, आणि काही घटक तर त्याच्या कितीतरी पुढं. तीनशे वर्षं म्हणजे सातबाऱ्यावर बारा पिढ्यांच्या वारस नोंदी. फिनलंडनं असा माल कायमचा पुरायला ग्रॅनाइटमध्ये चारशे मीटरच्या आसपास खोल जागा खोदली. आपल्याकडं अशी कायमची जागा अजून नाही.

तारापूरच्या जुन्या भट्ट्यांचीच गोष्ट घ्या. अमेरिकेशी १९६३ चा करार तीस वर्षांचा. १९९३ ला तो संपला, पण वापरलेल्या इंधनाचं काय करायचं, यावर दोघांचं जमलं नाही. माल आपल्याच हौदात पडून राहिला. ठोक्यानं रान दिलं, ठोका संपला, आणि पाचट आपल्याच बांधावर.

माझं भांडण इथं आहे. गेल्या डिसेंबरात संसदेनं शांती कायदा केला. आता खासगी कंपन्यांनाही अणुवीज केंद्र चालवता येईल. पण वापरलेल्या इंधनावरची प्रक्रिया आणि तो अतितीव्र कचरा सरकारकडंच राहणार. इतकं घातक काम कंपनीच्या हातात न देणं बरोबर आहे, मला पटतं. पण मग युनिट विकायचं कंपनीनं, आणि तीनशे वर्षांची राखण सरकारनं, म्हणजे तुमच्या-माझ्या नातवानं? त्या राखणीचे पैसे युनिटच्या दरातून किती कापणार, कुठं जमा करणार, हे करार करतानाच लिहून घ्या. कारखाना बंद पडल्यावर थकलेलं बिल मागायला जाणाऱ्या ऊसवाल्याला विचारा, नंतर काय मिळतं ते.

जमिनीचंही तसंच. तारापूरच्या ३ आणि ४ साठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, पुनर्वसनासाठी लोकांना हायकोर्टापर्यंत जावं लागलं. जैतापूरला माडबन आणि शेजारच्या गावांची जमीन घेतली, २०११ ला साखरी नाट्यात गोळीबार होऊन एक माणूस गेला, आणि वीज अजून एक युनिट नाही. आपण जायकवाडीवाले. धरणाखाली गेलेल्या गावांची माणसं आपल्या सोयरिकीत आहेत, त्यामुळं "राष्ट्रहित" हा शब्द आपल्याला पाठ आहे.

आपल्या जिल्ह्यात अशी भट्टी येईल असं मी म्हणत नाही. पाणी लागतं भरपूर. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते, हे विसरू नका. पण छोट्या भट्ट्यांचं बोलणं सुरू झालंय, २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं लक्ष्य सरकारनं जाहीर केलंय, तेव्हा कुणाच्या तरी शिवारात त्या येणारच. ज्याच्या शिवारात येतील त्यानं बॉम्ब-बॉम्ब ओरडू नये आणि पेला बघून टाळ्याही वाजवू नयेत. त्यानं एक कागद मागावा. पायाचा दगड बसायच्या आधी पाच-दहा किलोमीटरमधल्या सगळ्या विहिरी आणि बोअरच्या पाण्याची तपासणी, आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. नंतर दर सहा महिन्यांनी तेच, आणि तपासणारा त्या कंपनीचा नको. कृषी अधिकारी साहेब लोक इथं वाचतात. तुम्हीच आम्हाला शिकवलं ना, खताचा डोस ठरवायच्या आधी माती परीक्षण करा म्हणून? मग हे पाणी परीक्षण आधी का नको? आधीचा आकडा हातात असता तर त्या केळीवाल्यांना "तुमचं पाणी पहिल्यापासून असंच होतं" असं कुणाला म्हणता आलं नसतं.

आणि जाता जाता त्या पोराला अजून एक. वीज युरेनियमची असो नाहीतर कोळशाची, माझ्या वावरात ती डीपीतूनच येणार. डीपी जळाली की अकरा दिवस अंधार, हा आमचा गेल्या वर्षीचा अनुभव आहे.

कुणाचे कडपा भागातल्या केळी किंवा मोसंबीवाल्यांशी व्यापाराचे संबंध असतील तर मला कळवा. तिथल्या एखाद्या बोअरचा पाण्याचा रिपोर्ट बघायला मिळाला तर आकड्यांसकट पुन्हा लिहीन. पुढची पोस्ट मोसंबीच्या आंबे बहाराचा ताण कधी तोडायचा यावर, फोटो काढून ठेवलेत.