सिमेंटचं गाव आणि घरातली शाळा

होमस्कूलिंग हा शब्द आता आपल्याही घरांत शिरला आहे. मीरा रोड-भाईंदरच्या फ्लॅटमध्ये राहणारी, आयटीत किंवा बँकेत नोकरी करणारी आपली काही जोडपी मुलांना शाळेतून काढून घरी शिकवू लागली आहेत. कारणं खोटी नाहीत. फी झेपत नाही, आणि आडनाव कळल्यावर वर्गातली नजर कशी बदलते ते मूल घरी येऊन सांगतं. अशा आई-बापांना दरडावायला आम्ही लिहीत नाही. बोलायचंय ते त्यांच्या अभ्याससहलींबद्दल.

अशाच एका कुटुंबाने दिवाळीनंतर मुलांना कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर नेलं. तिथलं सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम म्हणजे उघड्यावर मांडलेलं जुनं गाव: माणसाच्या उंचीचे सिमेंटचे पुतळे, बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, शेतीची कामं. कारागिरी उत्तम आहे, ते मान्य. मोठा मुलगा परत येऊन म्हणाला, “तेव्हा गावात सगळे एकमेकांची कामं करायचे, पैसे लागायचेच नाहीत.”

दहा वर्षांचं पोर आहे, त्याचा दोष नाही. पुतळ्यात काम दाखवता येतं, त्या कामामागची सक्ती दाखवता येत नाही. बलुतं म्हणजे खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. तो किती आणि कधी, हे देणारा ठरवायचा. महाराने सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे धावायचं. नाही म्हटलं तर वाटा बंद, वाट बंद, पाणी तर आधीपासूनच बंद. या वतनाच्या बेडीतून समाजाला सोडवायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ उजाडलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी जे सुनावलं, ते या अनुभवातून आलेलं होतं.

आणि एक गोष्ट आपल्या होमस्कूलिंगवाल्या मित्रांच्या लक्षात येत नाही. बलुतेदारी हेच या देशातलं सर्वांत मोठं होमस्कूलिंग होतं. कुंभाराचं पोर बापाच्या चाकाजवळ शिकलं, चांभाराचं बापाच्या रापीजवळ, आणि वेदही घरातच राहिले. घरातलं ज्ञान घराबाहेर जायचं नाही, बाहेरचं घरात यायचं नाही, याचंच नाव जात. मद्रासमध्ये १९५३ साली राजाजींनी हाच प्रकार सरकारी शिक्का मारून आणला होता: अर्धा दिवस शाळा, उरलेला वेळ घरच्या धंद्यात. पेरियार रस्त्यावर उतरले. १९५४ मध्ये राजाजी गेले, योजना कामराजांनी गुंडाळली.

कणेरी ज्या कोल्हापुरात आहे तिथला इतिहास तर नेमका उलटा. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड. पुढच्याच वर्षी महार वतन खालसा. राजाने दंड लावून आपली पोरं घरातून शाळेत ओढली आणि आपण शंभर वर्षांनी, आपल्या खुशीने, त्यांना परत घरात बसवतोय. वर्गातली ती नजर आम्हीही सोसली आहे. पण आपलं मूल उठून गेलं की त्या नजरेला आव्हान देणारं बाकावर कोण उरतं? साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसावं लागलं, तरी भीमराव शाळा सोडून गेले नाहीत.

याच कुटुंबाला आम्ही गेल्या महिन्यात चौकला नेलं. उत्तनच्या पुढचं, समुद्राला टेकलेलं हे मच्छीमार गाव. लोक येतात ते धारावी किल्ल्यासाठी, १७३९ च्या वसई मोहिमेची गोष्ट ऐकून फोटो काढून जातात. आम्ही मुलांना बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांपाशी थांबवलं. मुलाने एका मावशींना विचारलं, “हे तुम्हाला कोणी शिकवलं?” “आयशीनं.” “आणि तुम्ही तुमच्या मुलीला शिकवलं?” मावशी हसल्या. “ती कॉलेजात जाते. तिला मी बोंबलाला हात लावू देत नाय.” मग भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी चार शिव्या हासडल्या. मुलांना त्या फार आवडल्या, आईला कमी. सिमेंटची बाई असं काही बोलत नाही.

कणेरीला जाऊ नका, असं आमचं म्हणणं नाही. जा, पण मुलाच्या वहीत आधी चार प्रश्न लिहून द्या. ही विहीर कोणाची? ही जमीन कोणाच्या नावावर? बलुतं कमी पडलं तर तक्रार कोणाकडे करायची? या पुतळ्याच्या मुलीला अक्षर येतं का? आणि सहल एका दिवसाने वाढवा. त्याच जिल्ह्यात माणगाव आहे. मार्च १९२० मध्ये तिथल्या परिषदेत शाहू महाराज आणि तरुण बाबासाहेब एकत्र आले होते. उत्तरं मठावर सापडली नाहीत, तर माणगावच्या वाटेवर गाडीत बोलायला भरपूर वेळ मिळतो.