हवा तुटली की घट्ट होणारा द्रव

सतत हादरणाऱ्या यंत्राचा नट कितीही आवळला तरी सैल होऊ शकतो. आट्यांमध्ये बारीक फट असते. हादऱ्यांनी आटे एकमेकांवर सरकतात आणि नट हळूहळू उलटा फिरतो. धावत्या गाडीत किंवा पंख्यात हे जिवावर बेतू शकते.

यावरचा उपाय म्हणजे 'अनएरोबिक' चिकटद्रव्य. अमेरिकेतील ट्रिनिटी कॉलेजचे रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये ते बाटलीत टिकेल असे बनवले. हवेतील प्राणवायू त्याला पातळ ठेवतो. म्हणूनच त्याची बाटली काठोकाठ भरत नाहीत. आट्यांत मात्र हवा तुटते, लोखंड-तांब्याचा स्पर्श होतो आणि द्रवाचे कडक प्लास्टिक बनते. बाहेर आलेला थेंब ओलाच राहतो. तो फडक्याने पुसावा.

बेअरिंग पक्के बसवण्यासाठी आणि गिअरबॉक्सच्या जोडातून होणारी तेलगळती रोखण्यासाठीही ते वापरतात. लावण्यापूर्वी तेल-ग्रीस पुसून काढावे. मध्यम ताकदीचा प्रकार साध्या पान्याने सुटतो. जास्त ताकदीचा प्रकार सोडवायला मात्र जोड सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा लागतो. तेव्हा नट पुन्हा उघडायचा आहे का, हे आधीच ठरवलेले बरे!