हॉटेलातले शेंगोळे

दिवाळीच्या खरेदीत पुरुषाने फक्त पिशव्या धराव्यात आणि विचारले तरच मत द्यावे, हे शहाणपण मला तीस वर्षांच्या संसाराने शिकवले आहे. यंदाही नगरच्या कापडबाजारात मी तेच केले. (शहर २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे, पण सवयीच्या जिभेला वेळ लागतो, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.) बरोबर सौभाग्यवती, सत्त्याहत्तर वर्षांची आई आणि ह्यूस्टनहून सुट्टीवर आलेला माझा भाचा. दुपारचे दोन वाजले तेव्हा भाच्याने जाहीर केले, "मामा, आजचं जेवण माझ्याकडून. आजीला चांगल्या ठिकाणी नेऊ या."

चांगले ठिकाण मीच सुचवले. भर गावात एक 'अस्सल गावरान' हॉटेल निघाले आहे. तिथे बसायला नंबर लावावा लागतो. दाराशी जाते, भिंतीवर कंदील आणि नांगराचा फाळ, आत पोऱ्यांच्या आरोळ्या, ताटांचा खणखणाट, कोपऱ्यात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या टाळ्या. असा कल्लोळ, की मागवायचे काय ते ओरडून सांगावे. आई मात्र दाराशीच थबकली. जात्यात झेंडूची फुले भरून ठेवली होती. ती म्हणाली, "याला खुंटा कुठाय? दळत कसे असतील?" मी तिला हाताला धरून आत नेले.

मी मोठ्या ऐटीत हुलग्याचे शेंगोळे मागवले. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: हुलगा म्हणजे कुळीथ. त्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरे घालून घट्ट मळायचे, हातावर वळून त्याची कडी करायची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात शिजवायची. आमच्या पाथर्डीकडच्या कोरड्या रानात दुसरे काही आले नाही तरी हुलगा येतो. पाऊस थोडा, जमीन हलकी, तरी तो कुरकुरत नाही. किंमत पाहून मी चष्मा पुसला, पण पैसे भाचा देणार होता.

"आई, मुद्दाम तुझ्यासाठी इथं आलो. तुझ्या हातचे शेंगोळे आठवतात मला अजून."

आईने वाटीत पाहिले आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "मला गव्हाची चपाती सांग. आन् गोडाचं काय असंल ते. शेंगोळे खायला हाटेलात यायचं व्हय? पैसे देऊन?"

शेजारच्या टेबलावरची मंडळी हसली. मी जरासा ओशाळलो. भाचा माझ्या मदतीला धावला.

"आजी, आमच्याकडे पण असंच आहे बघ. ह्यूस्टनच्या शेजारी लुइझियाना म्हणून राज्य आहे. तिथल्या केजन लोकांच्या जेवणाची हॉटेलं अशीच गजबजलेली असतात. उकडलेले, तिखट मसाल्यातले झिंग्यासारखे जीव टेबलावर कागद पसरून ओततात आणि सगळे हातांनी खातात."

मग त्याने त्या लोकांची हकीकत सांगितली. हे मूळचे फ्रेंच शेतकरी. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकेडिया नावाच्या मुलखात राहत. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घराशेतांतून हुसकले. त्यांतले काही भटकत लुइझियानाच्या दलदलीत येऊन राहिले. अकेडियनचे 'केजन' झाले. चिखलात सापडेल ते, मिळेल त्या मसाल्यात शिजवायचे, अशी त्यांची चूल. त्यांच्या आमटीला 'गंबो' म्हणतात; हा शब्द आफ्रिकेतल्या भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आला. १९२१ नंतर त्यांच्या मुलांना शाळेत फ्रेंच बोलले म्हणून शिक्षा होत असे. आणि १९७९ साली पॉल प्रुडोम नावाच्या त्यांच्यातल्याच एका आचाऱ्याने न्यू ऑर्लिन्समध्ये हॉटेल काढले, तेव्हा त्याच जेवणासाठी दाराबाहेर रांगा लागल्या!

"गरिबाचं खाणं शेवटी जिंकलं, आजी," भाचा म्हणाला.

आई चपाती मोडत होती. "तुमच्या अमेरिकेचं मी बी खाल्लंय," ती म्हणाली. "लाल जवारी. मिलो. बहात्तरच्या दुष्काळात."

१९७२ साली मी सहा वर्षांचा होतो. आई आणि वडील पाझर तलावाच्या कामावर जात. बाया खडी फोडत, पाट्या वाहत. कामावर सुकडी मिळे. या कामांच्या अनुभवातूनच पुढे रोजगार हमी योजना रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, हे मी पुस्तकात वाचले. आईने त्या दिवसांबद्दल कधी फारसे सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. मला आठवत होती ती चुलीजवळची संध्याकाळ आणि लसणाचा वास.

"एवढ्याशा पिठाचे चौदा शेंगोळे व्हायचे," आई म्हणाली. "सात तुला, सात ताईला. मी मोजून टाकायची, भांडायचे न्हाईत म्हणून."

"आणि तू? बाबा?"

"आम्ही वरचं पाणी प्यायचो. तिखट केलं की भागतं."

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. बाजारभाव सांगावा तसे सांगितले. भाचा खाली पाहू लागला. त्या सातांतले शेंगोळे त्याच्या आईने खाल्ले होते. मी माझ्या वाटीकडे पाहिले. ज्या चवीची आठवण मी गेली पन्नास वर्षे चारचौघांत मिरवत होतो, ती चव तिच्या वाट्याला आलीच नव्हती!

हॉटेलवाल्याला मी दोष देत नाही. हुलग्याला गिऱ्हाईक मिळाले तर आमच्याकडच्या शेतकऱ्याचे भलेच आहे, आणि शेंगोळे खरोखर झकास होते. मी ते सगळे संपवले. वाटीतले पाणीही प्यालो. चूक माझी होती. माझी आवड तीच आईची आवड, असे मी धरून चाललो होतो.

पोऱ्याने गुलाबजाम आणले. आईने एक खाल्ला, मग जरा थांबून दुसरा. मग पोऱ्याला हळूच विचारले, "अजून हाईत का रे बाळा?"

तर वाचकहो, या दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले, की एवढे करा. ते करणारीला काय आवडते, ते एकदा विचारा. मी साठीला टेकलो, तरी विचारले नव्हते. आमच्या आईला गुलाबजाम आवडतात.